न फाडलेली पावती

१४ नोव्हेंबर

सकाळी पुण्याहून अनघा मॅडमचा फोन. आपल्याकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर एका संस्थेने बाहेरच्या निधीतून काम केलं आहे. लोकांचे वनहक्काचे दावे भरून दिले, जंगल राखायला समित्या काढल्या, झाडं लावली. ते काम कितपत उतरलं हे तपासायचं आहे. "स्थानिक सदस्य म्हणून तुम्ही हवेत, काका. रान तुम्हाला माहीत." हो म्हणालो. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल होऊन रिटायर झालो, त्यालाही आता पाच वर्षं होतील. गुडघे अजून चढतात.

हिला सांगितलं. म्हणाली, "जा. माझ्या फोडणीवर गस्त घालत बसण्यापेक्षा बरं."

दुपारी वाड्यांची यादी व्हॉट्सॲपवर आली. सहावं नाव कळकवाडी. वनरक्षक म्हणून राखायला मिळालेलं माझं पहिलं बीट.

१९ नोव्हेंबर

तीन वाड्या झाल्या. अ. मॅडम पस्तिशीच्या असतील. प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतात. हे मला सगळ्या नोकरीत जमलं नाही.

मला बघितलं की म्हातारी माणसं अजून उभी राहतात. मॅडम म्हणाल्या, "अजून घाबरतात का तुम्हाला?" म्हटलं, सवय हो त्यांची. त्यांनी तेही वहीत लिहिलं.

२२ नोव्हेंबर. कळकवाडी

आता पायथ्यापर्यंत डांबर. पुढे तीच पायवाट, तोच ओहोळ.

बैठक समाजमंदिरात. गोविंद पारधी आता राखण समितीचा अध्यक्ष. विशीतला पोरगा पाहिलेला, केस पिकलेत. पत्र्याच्या पेटीतून त्याने पिशवी काढली. आत जमिनीचा पट्टा, पट्ट्याखाली पिवळी पडलेली पावती. जंगलात अतिक्रमण करून नाचणी पेरल्याचा गुन्हा, दंड वसूल. खाली माझी सही.

"सायेब, तुमी पावती फाडली तवा लय शिव्या घातल्या व्हत्या तुमाला. मनात. आता रोज नाव घेतो. ही नसती तं जमीन झाली नसती."

सगळे हसले. मीही हसलो. खरंच आहे ते. वनहक्काच्या कायद्याला डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा लागतो, आणि ज्याला आम्ही धरला त्याच्याकडे आमचाच कागद आहे. वाडीत चौदा जणांना पट्टे मिळाले. चौदाही जणांकडे माझ्या पावत्या.

मॅडमनी फोटो काढला. गोविंद, पावती आणि मी. "काका, ही तर यशोगाथा झाली."

निघताना कोपऱ्यातला एक म्हातारा जवळ आला. "वळखलं का, सायेब?"

ओळखलं. बुधाजी निरगुडा.

"माजा नाय झाला."

"काय?"

"दावा. पुरावा नाय म्हंत्यात." मग हसला. दात राहिले नाहीत. "तुमी मला कवा धरलाच नाय ना."

तक्रार नव्हती आवाजात. असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर

दिवसभर कुठे लक्ष नाही. लिहून टाकतो.

कायद्याच्या तारखेच्या बारा वर्षं आधीची गोष्ट. मी बीटला नवीन. ऑगस्टमध्ये डोंगरावर गेलो तेव्हा नाचणी गुडघ्याएवढी आलेली. पंधरा तुकडे, पंधरा घरं. चौदा पावत्या फाडल्या. पंधराव्या तुकड्यात, वरच्या मोठ्या खडकाजवळ, बुधाजीची बायको सोमी एकटीच तण बेणत होती. दिवस भरलेले. मला बघून उठायला गेली तर दोन्ही हात जमिनीला टेकावे लागले. पावतीबुक माझ्या हातात, पेनाचं टोपण काढलेलं. खालून बुधाजी धावत आला. "सायेब, येवढा बाळंतपण होऊंदे."

टोपण लावलं. खाली उतरताना काय हलकं वाटलं होतं मला. नवी नोकरी, आणि आपण माणसासारखं वागलो.

२५ नोव्हेंबर

आज पुन्हा कळकवाडी, रोपवन बघायला. आवळा, करंज, जांभूळ, बांबू. सहा वाड्यांत सगळ्यात चांगलं. एकही आळं कोरडं नाही. मॅडम खूश.

"कोण राखतं हे?"

गोविंद म्हणाला, "बुधाजी. खड्डे पण त्यानंच मारले, मजुरीवर. आता मजुरी बंद झाली तरी पाणी घालतो."

"का?"

"त्याचीच जागा ना ही. दावा गेला तवा समितीनं झाडांसाठी घेतली."

मॅडमनी लिहायचं थांबवलं. माझ्याकडे वळल्या. "काका, तेव्हा बीट तुमच्याकडे होतं. दोन हजार पाचच्या आधी तो इथे कसत होता?"

मी म्हणालो, "नसावा. नंतर आला असेल. आधी असता तर मी सोडला नसता."

शेवटचं वाक्य थोडं ऐटीतच गेलं.

गोविंदने मान खाली घातली. माझा शब्द तो माझ्यासमोर खोडत नाही. बुधाजी खालच्या अंगाला हंडा घेऊन उभा होता. त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. मॅडमनी लिहून घेतलं.

२६ नोव्हेंबर

खरं सांगायला काय लागत होतं? होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग पावती का नाही. त्याचं उत्तर मॅडमना द्यायचं, गोविंदसमोर...

गेलो नाही कुठे. डोकं दुखतं म्हणून सांगितलं हिला.

२ डिसेंबर

माळ्यावरची ट्रंक काढली. खात्यात रोजची दैनंदिनी लिहावी लागायची, पक्की वही ऑफिसात, कच्ची घरी. कच्च्या वह्या अजून आहेत. वाळवीने कडा खाल्ल्यात.

तो ऑगस्ट सापडला. "कळकवाडी बीट, गस्त. अतिक्रमणाचे चौदा गुन्हे नोंदवले. अन्य विशेष नाही."

अक्षर चांगलं होतं माझं.

३ डिसेंबर

२३ तारखेला लिहिलं ते अर्धंच आहे.

दया पहिल्या वर्षापुरती. सोमीला मुलगा झाला, बाळंतपण झालं. पुढच्या पावसाळ्यात पावती फाडायला हरकत नव्हती. पण त्याआधी मे महिन्यात बुधाजी घरी आला. दहिवलीला, पायी. काचेच्या बाटलीत मध. दारातच उभा राहिला, पाणी पिऊन गेला. पुढच्या मेमध्ये परत. तिसऱ्या वर्षापासून मी त्या खडकाकडे जाणंच सोडलं. गस्त ओहोळापर्यंत.

मध मागितला कधी नाही. नको असंही म्हणालो नाही. ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, कळकवाडीचा मध आहे, बाजारात नाही मिळायचा असा.

बदली झाल्यावर यायचा बंद झाला.

११ डिसेंबर

अहवालाचा मसुदा आला. लेकाने मेल उघडून दिला. शुक्रवारपर्यंत सूचना कळवा.

पान चाळिसाच्या आसपास कळकवाडी. गोविंदची यशोगाथा, आमचा फोटो. रोपवन उत्तम. त्याखाली: "येथील एक नामंजूर दावा २००५ नंतरच्या अतिक्रमणाचा असल्याचे स्थानिक सदस्यांनी सांगितले."

स्थानिक सदस्य म्हणजे मी.

पुढे शिफारस आहे. ज्यांचे दावे खरे असून नामंजूर झाले त्यांना दुसऱ्या टप्प्यात अपिलासाठी मदत करावी. मागे नावांची यादी. बुधाजीचं नाव नाही. वाक्य एक, त्यावर एवढं सगळं.

हिला सांगितलं. सगळं, मधासकट. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

"मग फोन करा ना त्यांना."

"पेन्शनचं काही झालं तर?"

"इतक्या वर्षांनी मध खाल्ला म्हणून कोण पेन्शन काढतंय? अहो, तुम्हाला पेन्शनची भीती नाही. तुमचा फोटो आलाय त्यात, तो जाईल याची आहे."

रागावलो मी. पण रागावण्यासारखं काही बोलली नव्हती.

१४ डिसेंबर

शुक्रवार काल गेला. मोहोपाड्याला लेकीकडे होतो. जावयाची दुसरी पाळी, तिला बाजाराला न्यायला कोणी नव्हतं. तसं काही अडलं नव्हतं खरं तर. फोन दिवसभर खिशात.

२० डिसेंबर

मॅडमचा मेसेज. अहवाल गेला. "तुमच्याशिवाय झालं नसतं, काका." खाली हात जोडलेले.

मीही हात जोडलेले पाठवले.

६ जानेवारी

आज फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, वाचलंच नाही. सरळ सांगितलं. तो आधीपासून होता, मी पाहिला होता, सोडला होता, मध खाल्ला होता, तुम्हाला खोटं सांगितलं.

मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांची ती सवय.

मग म्हणाल्या, "मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. पंधरा पावलांवर बुधाजी उभे होते. त्यांना विचारायला हवं होतं मी." आवाज बारीक झाला होता. "अहवाल परत घेता येत नाही. पुरवणी जोडून पाठवते. कोणी वाचेल का, नाही सांगता येत."

बुधाजीच्या फायलीबद्दलही बोलल्या. पावतीवाल्यांच्या फायली भरणं सोपं होतं, संस्थेने त्या आधी केल्या. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांच्यासाठी गावातल्या जुन्या माणसांचे जबाब जोडता येतात. बुधाजीच्या फायलीत एकच जबाब होता, तोही अर्धा लिहिलेला. "फायली किती झाल्या ते आम्ही मोजलं. कोणाच्या राहिल्या ते नाही."

अपील अजून करता येईल. उशिराचं कारण द्यावं लागेल. "तुम्ही प्रतिज्ञापत्र द्याल? पण आधी त्यांना सांगा. माझ्याकडून कळता कामा नये."

९ जानेवारी. कळकवाडी

एकटाच गेलो. ओहोळाच्या वर दोनदा बसलो.

बुधाजीने घोंगडं टाकलं. सोमी चुलीपाशी. तिचा तो मुलगा कुंभिवलीला गोदामात हमाली करतो, महिन्यातून एकदा येतो. सून-नातवंडं तिकडेच.

सांगितलं. मॅडमना काय बोललो तेही.

बुधाजी म्हणाला, "आयकला मी तवा."

ऐकलं होतं. आणि त्या दिवशी निघताना मला ओहोळापर्यंत पोचवायला आला होता.

सोमी बाहेर आली. "तवा पावती फाडली असती तं काय झाला असता? बकरी इकून भरला असता आमी. बाकीच्यांनी भरला नाय का?"

"तू तेव्हा..."

"बाया बाळंत व्हत्यातच, सायेब." मग बुधाजीकडे हात करून, "दर वर्साला मधाची पोळी काढाया ह्यो कड्यावर जायाचा. एकदा पडला, हात मोडला. तरी बाटली भरली आन् धाडली तुमाला. आमी वाचलो म्हून."

"जाऊंदे गं," बुधाजी म्हणाला. "त्यांनी काय वाईट केला?"

"तेच तं म्हंते मी. वाईट केला असता तं जमीन झाली असती."

आत निघून गेली. भांडी वाजली. माफी मागितली की नाही तेही आता नीट आठवत नाही. बुधाजीचा हात मनगटापाशी वाकडा आहे. नोव्हेंबरात दोन वेळा भेटलो, दिसला नव्हता.

१७ फेब्रुवारी

कर्जत तहसीलबाहेर प्रतिज्ञापत्र टाइप केलं. टायपिस्ट जुना ओळखीचा. "'पाहिले' लिहू की 'पाहिले व कारवाई केली नाही'?" दुसरं लिही म्हटलं. मग मधाचं सांगितलं. बोटं थांबली त्याची. "हे लागत नाही, नाना. कशाला उगीच."

"लिही."

"शब्द काय घालू?"

दोघांनाही सुचेना. शेवटी "मध स्वीकारत होतो" असं लिहिलं.

वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाबही जोडले. मॅडमनी उशिराचं कारण लिहून दिलं. गोविंद स्वतः सही करायला उतरला. त्याने मला नमस्कार केला, पण पावतीचं काही बोलला नाही.

२१ फेब्रुवारी

जुन्या सहकाऱ्याचा फोन, खालापूरहून. कुठून कळलं देव जाणे. "कशाला उकरतोस? आपण सगळ्यांनीच केलं असेल थोडंफार. आता काय, सगळ्यांच्या वह्या काढणार का?"

मी म्हटलं, माझी तरी काढली.

त्याने फोन ठेवला. वाईट वाटलं. चांगला माणूस आहे, माझ्या आजारपणात तीन रात्री हॉस्पिटलात बसला होता.

१८ मार्च

प्रांत ऑफिसात सुनावणी. बुधाजी धुतलेला सदरा घालून. सोमी आली नाही.

साहेब तरुण आहेत, नीट वाचून आलेले. माझं प्रतिज्ञापत्र आणि त्या वर्षीची पक्की दैनंदिनी, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी.

"इथे तुम्हीच लिहिलंय, अन्य विशेष नाही. आज म्हणता, पंधरावा माणूस होता. यातलं खरं कोणतं?"

"आजचं."

"तेव्हा तुम्ही नोकरीवर होता, तेव्हा खोटं लिहिलं. आता तुमच्यावर कसलं बंधन नाही. आता खरं बोलताय, कशावरून समजायचं मी?"

बरोबर विचारलं होतं त्यांनी. माझ्या पावत्यांवर चौदा घरं उभी राहिली, आणि माझ्या शब्दावर एकाचं उभं राहायची वेळ आली तर शब्दाला किंमत नाही. ती मीच घालवली.

त्यांनी मधाचं वाक्य पुन्हा वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "हे कुणी खोटं लिहून देणार नाही." आणि मग, "स्थळ पाहणी करू. जुन्या बांधाच्या, मशागतीच्या खुणा मिळतात का बघू."

बाहेर आल्यावर बुधाजीने विचारलं, "झाला का?"

"अजून नाही."

"बरं." आणि पाणी प्यायला गेला.

२३ एप्रिल. कळकवाडी

स्थळ पाहणी. मोजणीचं मशीन घेतलेला एक कर्मचारी, गोविंद, आणखी दोन समितीवाले. अ. मॅडम स्वतःच्या खर्चाने आल्या होत्या. ऊन मरणाचं.

जुने बांध सापडले. दगडांच्या तीन ओळी, गवताखाली. कर्मचाऱ्याने फोटो घेतले, मान हलवली. मला वाटलं, झालं.

"हद्द दाखवा, बाबा."

बुधाजी अनवाणी पुढे, आम्ही मागे. ओहोळाची बाजू चालला, वळला, करवंदाच्या जाळीपासून वर चढला. कुठे थांबावं लागलं नाही त्याला. मशीन टिकटिकत होतं. मग रोपांची पहिली रांग आली आणि तिथेच तो उभा राहिला.

"हितवर."

कर्मचारी म्हणाला, "आणि पलीकडे?"

"ती समितीची. झाडं."

पलीकडे अर्ध्याहून जास्त तुकडा होता. वरच्या खडकापर्यंत. त्या ऑगस्टला सोमी उभी होती ती जागा त्याच्याही आत येते. मी म्हणालो, "थांबा, हद्द वर खडकापर्यंत..."

"राहूंदे, सायेब." बुधाजीने माझ्याकडे बघितलंही नाही. तो रोपांकडे बघत होता. "तिकडची मागली तं नाचणीला ती उपटाया लागतील. जगल्यात आता."

मॅडमनी तोंड फिरवलं. गोविंद म्हणाला, "बुधाजी, ती झाडं आपण ठेवू रं, तू जमीन तं घे." बुधाजीने नुसतं "नको" म्हटलं.

सोमी वरून सगळं बघत होती. खडकावर बसलेली, डोक्यावर पदर. पण कर्मचाऱ्याने पंचनाम्याचा कागद माझ्यापुढे धरला, "तुम्ही साक्षीदार ना? हद्द बरोबर असल्याची सही करा," तेव्हा ती उभी राहिली. सरळ माझ्याकडे बघत. तिला काय हवं होतं ते मला समजलं असं वाटलं. आता वाटतं, समजलं होतं की मीच ठरवलं?

सही केली. सहीच्या वर लिहिलं: "हद्द दावेदाराने दाखवल्याप्रमाणे. माझ्या प्रत्यक्ष पाहण्यात जमीन याहून जास्त, वरच्या खडकापर्यंत, कसली जात होती."

कर्मचाऱ्याने वाचलं. "आता हे का लिहिलंत? दावेदार एक म्हणतो, साक्षीदार दुसरं. साधं प्रकरण होतं, आज वर गेलं असतं. आता दोन्ही अडकेल कदाचित."

"खरं आहे ते."

"असेल हो."

बुधाजीला गोविंदने वाचून दाखवलं. तो ऐकून घेऊन खाली उतरायला लागला. ओहोळापाशी मी गाठला त्याला.

"सायेब," तो म्हणाला, "ह्या खेपेला लिवायचा नव्हता." रागाने नाही. दमून.

सोमी खडकावरून आली नाही. घरी जाताना मी तीनदा वळून बघितलं, तिथेच होती.

१२ मे

पाहणीचा कागद वर गेला आहे. निकाल नाही, तारीख नाही. मॅडम म्हणतात, कसंही होऊ शकतं. सगळी जमीन, अर्धी, किंवा काहीच नाही. पुरवणी निधीवाल्यांना पाठवली, पोच आली नाही. दुसरा टप्पा सुरू झाला म्हणतात. गोविंदला त्यात घेतलंय, बाकीच्या वाड्यांना शिकवायला.

बुधाजीशी बोलावं म्हणून या आठवड्यात दोनदा गोविंदच्या मोबाइलवर फोन लावला. दोन्ही वेळा गोविंद म्हणाला, तो वर पाणी घालाया गेलाय, आला की सांगतो.